शाळेतल्या सिस्टरची वही: कोकणात नव्याने रुजू होणाऱ्या एका नर्सला उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई नुकत्याच जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्या आहेत. देवगडच्या बाजूला वसतिगृह असलेल्या एका शाळेत त्या जूनपासून रुजू होणार आहेत. आपल्या भागातल्या मुलांच्या आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने खास काय बघायचं आणि औषधांच्या पेटीत काय ठेवायचं, असं त्यांनी विचारलंय. मी नऊ वर्षं उपकेंद्रात एएनएम (सहाय्यक नर्स) होते आणि गेली सोळा वर्षं राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत नर्स आहे. त्यावरून सांगते.

पेटीचं शेवटी बघू. आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. उंची, वजन, रक्तगट तर लिहालच. पण माझ्या वहीत त्याच्याही वर चार गोष्टी असतात: घरी कोण असतं, दिवसा कुठला फोन उचलला जातो, मूल शाळेत कुठल्या वाटेने येतं, आणि रात्री कशावर झोपतं.

हे एवढं कशाला, ते सांगते. आपल्याकडची निम्मी मुलं आजीजवळ वाढतात. वडील विरारला नाहीतर डोंबिवलीला. प्रवेश अर्जावर नंबर त्यांचाच असतो आणि ते पाळीवर असले की फोन लागत नाही. आजीकडे फोन असतो, पण खळ्यात आल्याशिवाय रेंज नसते. निर्णय घेतो तो वाडीतला काका, आणि त्याचं नाव अर्जावर कुठेच नसतं. मुलाचा हात मोडला आणि मी पाऊण तास फोनच फिरवत बसले, असं पहिल्या वर्षी दोनदा झालं. तेव्हापासून प्रत्येक पानावर तीन नंबर असतात, आणि त्यातला एक वाडीतल्याच माणसाचा.

आजाराबद्दल विचारताना "काही आजार आहे का?" असं कधीच विचारू नका. उत्तर "नाही" असंच येतं. फिट येणाऱ्या मुलीचे आईवडील ते अर्जावर लिहीत नाहीत. वसतिगृहात घेणार नाहीत ही एक भीती, आणि पुढे लग्नाच्या वेळी बोभाटा होईल ही दुसरी. "रोज कुठली गोळी घेते? मुंबईला कुणाला दाखवलं होतं? शेवटचं सलाइन कधी लावलं?" असं विचारा. गोळीचं नाव कळलं की आजार आपोआप कळतो. आजीला नाव सांगता येत नाही, पण रिकामं पाकीट तिने डब्यात जपून ठेवलेलं असतं. ते मागा.

आणि गणपतीत घरी जा. वर्षभर जे आईवडील शाळेत येत नाहीत, ते त्या दिवसांत दोघेही घरी असतात. एकमेकांच्या गणपतीला जाणं ही आपली रीतच असल्यामुळे नर्स दारात आली म्हणून कुणी दचकतही नाही. माझ्या वहीतली सगळ्यात खरी माहिती पडवीत बसून, हातात प्रसादाची वाटी असताना मिळालेली आहे.

आता झोपण्याविषयी. हे मी माझ्या चुकीतून शिकले.

जुलै महिना होता. पहाटे साडेचारला सातवीतला एक मुलगा पोट धरून आला, "सिस्टर, पोटात दुखता" म्हणत. एक उलटी झाली होती. रात्री जेवणात वाटाण्याची उसळ होती. मी पोट दाबून बघितलं, ताप बघितला, पित्ताचं औषध दिलं आणि त्याला माझ्याच खोलीत झोपवलं. तासाभराने म्हणाला, डोळे उघडत नाहीत. मला वाटलं, झोप आली असेल. मग त्याचा आवाज नाकातून यायला लागला आणि तोंडातली लाळ गिळता येईना, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मण्यार होती. ती झोपेत चावते, चावलेलं दुखत नाही, सूज येत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. १०८ च्या गाडीत डॉक्टरांनी फुग्याने श्वास देत त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. पोरगा वाचला, अकरा दिवसांनी घरी आला. मण्यार दुसऱ्या दिवशी गाद्यांच्या ढिगात सापडली. माझा तो एक तास मात्र आजही माझ्या छातीवर आहे.

म्हणून वसतिगृहात जमिनीवर झोपणारं मूल पहाटे पोटदुखी किंवा उलटी घेऊन आलं, तर आधी पापण्या बघा. तुमचं बोट वर धरा आणि मिनिटभर त्याकडे बघायला सांगा. पापण्या हळूहळू खाली यायला लागल्या तर एक मिनिटही घालवू नका. एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणायला लावा. उशीवरून मान उचलता येते का बघा. याला तीन मिनिटं लागतात, आणि तपासणीत काही निघालं नाही तरी त्या मुलाला सकाळपर्यंत नजरेआड होऊ देऊ नका.

मुख्याध्यापकांकडे पहिल्याच आठवड्यात खाटा आणि मच्छरदाण्या मागा. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असली की डासांइतकीच मण्यारीपासूनही राखण होते. खाटांना पैसे नाहीत असं उत्तर आलं तर मच्छरदाण्या तरी मिळवाच. धान्याची खोली झोपण्याच्या खोलीला लागून नको, कारण धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. लाकडांची मोळी भिंतीला टेकवलेली नको.

दुसरा साप फुरसं. सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, जांभ्या दगडांच्या फटीत, कलमांच्या बुंध्याशी ते असतं. जेमतेम हातभर लांब, म्हणून मुलांना वाटतं, एवढ्याशा सापाने काय होतंय! चावल्यावर मूल तासभर ठणठणीत दिसतं, खेळतंसुद्धा. मग हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते. रक्त गोठण्याची शक्तीच गेलेली असते. दवाखान्यात काचेच्या कोरड्या, नव्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं स्थिर ठेवतात आणि गोठलं का ते बघतात. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यामुळे मूल बरं दिसतंय म्हणून पालकांनी लगेच घरी न्यायचा आग्रह धरला, तर तुम्ही ठाम राहा.

शाळेत आपल्या हातात असतं ते इतकंच: मूल चालवायचं नाही, हातपाय मोडल्यावर लावतो तशी पट्टी लावून तो अवयव स्थिर ठेवायचा, अंगठी, पैंजण, घट्ट बूट काढायचे, वेळ लिहायची आणि निघायचं. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही कुणाला करू द्यायचं नाही. साप मारून आणायच्या भानगडीत तर अजिबात पडायचं नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. लहान मुलाला मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. काही पालक "एवढ्या बाटल्या पोराला कशाला?" म्हणून घाबरतात. त्यांना हे शांतपणे समजावून सांगा. आणि जूनमध्येच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या, की प्रतिसर्पविष आहे का, किती बाटल्या आहेत आणि रात्री डॉक्टर असतात का. हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

गडग्यातला, म्हणजे दगडी कुंपणातला, लाल विंचू काळ्यापेक्षा वाईट. नुसती आग होत असेल तर काळजी कमी. पण मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, की विष हृदयाकडे निघालंय असं समजा. या विंचवाने पूर्वी कोकणात पुष्कळ मुलं जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ती गोळी डॉक्टरांनी द्यायची असते, कारण रक्तदाब खाली येतो. आपलं काम मूल आडवं ठेवून लवकर पोचवण्याचं.

आता वाट. आपली शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे नेमका पाऊस सुरू होतो तेव्हा. पहिल्या दोन आठवड्यांत एकदा प्रत्येक वाडीच्या मुलांबरोबर त्यांच्या वाटेने चालत घरापर्यंत जा. मी हे दरवर्षी करते. कुठे पऱ्यावर (ओढ्यावर) नुसते दोन सुपारीचे सोट टाकलेत, कुठे साकवाचा कठडा गेलाय, कुठे घाटीत शेवाळ आहे, हे नकाशात दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी एका वाडीच्या वाटेवर पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्या मुलांनी शाळेतच थांबायचं, असं आम्ही ठरवलं. पाण्याची खूण म्हणून एका दगडाला लाल रंग लावला. दगड बुडला, की त्या दिवशी पलीकडे जायचं नाही. आजीला उंची सेंटीमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. दगड मात्र तिला दिसतो.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर लोक पोट दाबतात, उलटं धरतात, फिरवतात. हे थांबवा. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छाती दाबायला लागा. तीस वेळा दाबून दोन श्वास. मदतीला हे शिकलेला दुसरा माणूस असेल तर पंधराला दोन. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. हे नववी-दहावीच्या मुलांनाही शिकवा. व्हाळावर आणि खाडीत तीच एकमेकांबरोबर असतात, आपण नसतो.

लावणीच्या दिवसांत मुलं घरच्या शेतात उतरतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात आणि पाण्यात उंदरांची, गुरांची लघवी मिसळलेली असते. ताप, पोटऱ्या दाबल्या की कळवळणं आणि लाल डोळे असं तिन्ही एकत्र दिसलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) मनात आणायचा आणि पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढायचे नाहीत. तुम्ही सिंधुदुर्गात आहात, तर आणखी एक. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप आहे. जानेवारी ते मे या महिन्यांत जंगलाच्या, काजूच्या बागांच्या बाजूला राहणाऱ्या मुलाला जोराचा ताप आला तर बागेत गेला होता का, अंगावर गोचीड सापडली का, जवळपास माकड मेलेलं कुणी बघितलं का, हे विचारा. मेलेल्या माकडाला हात लावू नका, हे शाळेच्या प्रार्थनेनंतरच सांगून टाका.

काजूवरून आठवलं. मार्च-एप्रिलमध्ये मुलांच्या बोटांची सालं निघालेली दिसतात, ओठांवर काळे चट्टे दिसतात. ओले काजूगर सोलून विकायची मिळकत असते ती. सालीतलं तेल चामडी जाळतं. पोरांना ओरडू नका, त्या पैशातून वह्या येतात. सोलण्याआधी हातांना खोबरेल लावा किंवा राख चोळा, आणि तो हात डोळ्याला लावू नका, एवढं शिकवा. आणि समुद्राकाठच्या मुलांना शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. वेदना खरंच कमी होते. पाणी आधी दुखऱ्या पायाने नाही, आपल्या हाताने तपासा. काटा आत मोडला असेल तर दवाखाना. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी झाली का, ते वहीत बघा.

दीर्घ आजाराची मुलं थोडी असतात, पण तुमचा निम्मा जीव त्यांच्यात अडकतो. त्यांचे धोके आपल्या सणांशी कसे जोडलेले आहेत, हे मला पुस्तकात कधी मिळालं नाही.

टाइप १ मधुमेहाची एक मुलगी माझ्याकडे पाचवीपासून होती. श्रावणी सोमवारी तिने मैत्रिणींबरोबर उपास धरला आणि सकाळचं इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं. साडेदहाला वर्गात ती विचित्र बोलायला लागली, घामाने भिजली. बाईंना वाटलं, उद्धटपणा करते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की मूल चिडतं, रडतं, बरळतं. शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग पोळी किंवा भात. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ बोलवायची. तिच्या वर्गशिक्षकांच्या टेबलात मी साखरेची पुडी ठेवली होती, आणि शेजारी बसणाऱ्या मुलीला लक्षणं शिकवली होती. मोठ्यांच्या आधी तीच ओळखायची. इन्सुलिनचं दुसरं संकट वीज. चार-चार दिवस लाइट नसतो. तेव्हा इन्सुलिन बंद डब्यात घालून मडक्यात, ओल्या वाळूवर ठेवायचं, बर्फाला चिकटून कधीच नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा औषधांची दुकानंही बुडाली आणि रस्तेही तुटले. त्यानंतर मी मे महिन्यातच पालकांना सांगते, की पावसाळ्यात महिन्याचं जादा औषध शाळेत आणून ठेवा. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, दम्याचे पंप, तिन्ही.

फिट येणाऱ्या मुलांचा काळ शिमगा. पालखी घरोघर फिरते, मुलं रात्र रात्र जागतात, गोळी चुकते. झोप मोडणं आणि गोळी चुकणं दोन्ही एकदम झालं की फिट येतेच म्हणा. पालखीला जाऊ नको असं मी सांगत नाही, कोकणातल्या मुलाला ते सांगून ऐकवतही नाही. दुपारी झोप काढ, गोळी खिशात ठेव, बारा वाजता घरी ये, असं सांगते आणि आजीलाही सांगते. काही घरांत देवाला कौल लावतात. लावू देत. गोळी बंद करायची की नाही, एवढा एकच प्रश्न देवाला विचारायचा नाही, असं मी हात जोडून सांगते, आणि आजवर कुणी माझा राग धरलेला नाही. फिट आल्यावर कांदा, चप्पल, चमचा, काही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल तर त्याची चिठ्ठी वहीत डकवा.

दम्याची मुलं वर्षातून दोनदा त्रासतात: एकदा मार्च ते मे भाजावळीच्या (शेत भाजण्याच्या) धुराने, आणि एकदा जून-जुलैमध्ये कुबटलेल्या अंथरुणांनी. पंप हा शेवटच्या अवस्थेचा उपाय आहे आणि त्याची सवय लागते, हा समज घरोघरी आहे. तो काढायला मला एकेका घरी तीन-तीन खेपा घालाव्या लागल्या. पंपाला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, नसेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, काम होतं.

लोहाच्या गोळ्या आठवड्याला एकदा असतात, लहानांना ४५ मिलीग्रॅमची गुलाबी आणि दहा वर्षांपुढे ६० मिलीग्रॅमची निळी. जेवणानंतर, तुमच्या समोर, आणि लगेच कोरा चहा नको. मुली त्या गोळ्या खिडकीतून टाकतात, कारण पहिल्यांदा उपाशीपोटी घेतल्याने मळमळलेलं असतं. मुलींच्या पाळीबद्दल मात्र वसतिगृहात बारीक लक्ष ठेवा. घरी बाजूला बसायची सवय असलेली मुलगी इथेही पाण्याच्या टाकीला हात लावत नाही आणि दिवसभर पाणीच पीत नाही. तिच्या लघवीच्या जळजळीचं कारण ते असतं.

खरूज, उवा यांच्यावर फार लिहीत नाही. सगळ्या खोलीला एकाच रात्री औषध आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची अंथरुणं उन्हात, नाहीतर ती वर्षभर फिरत राहते. कुत्रं, माकड, मांजर चावलं तर १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस. मुलं मारायच्या भीतीने चावलेलं लपवतात. म्हणून "मला सांगितलंत तर कुणी ओरडणार नाही" हे वर्गावर्गात जाऊन सांगा आणि तो शब्द पाळा.

त्याच शब्दावर एक फार जड गोष्ट अवलंबून असते. वारंवार पोटदुखी, अचानक अंथरुण ओलं होणं, सुट्टी जवळ आली की आजारी पडणं अशा रूपात काही मुलं नर्सकडे येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला दार ओढून घेऊन खरं सांगतात. तेव्हा ऐका, खोदू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. संस्थेचं नाव खराब होईल, घरातलं घरात मिटवू, असं सांगणारी माणसं भेटतील. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर वहीत नाही, दारावर लिहा, मुलांच्या उंचीला.

आता पेटी. थर्मामीटर, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या पट्ट्या, स्पेसर, दम्याचा साल्बुटामॉल पंप, ओआरएस, स्वच्छ पट्ट्या, हातपाय स्थिर ठेवायला फळ्या, साबण, टॉर्च. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर: किलोला १५ मिलीग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. ॲस्पिरिन मुलांना नको. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेनही नको. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना पावसाळ्यात दमटपणा लागतो, डबी उघडी राहू देऊ नका. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, वही घेऊन बसा आणि प्रत्येक पानावरचा पहिला नंबर लावून बघा. मी गेल्या महिन्यात बसले तेव्हा एकशे बारा नंबरांतले एकोणीस लागले नाहीत.